जिना पाच इंच खाली

सिंदेवाहीच्या बसस्थानकामागे,
झेरॉक्स आणि आधार दुरुस्तीच्या मधल्या गाळ्यात
मी घरं काढून देते.
नकाशा पाचशे रुपये, रंगीत हवा तर सातशे.
भिंतीमागचं माणूस मोफत.

वच्छलाबाई गुरनुलेंचं घर परवापासून अडलंय.
जिना स्लॅबला पोचत नाही.
पाच इंच खाली थांबतो,
आमंत्रण नसताना मांडवापर्यंत आलेल्या सोयऱ्यासारखा.
पायऱ्या ओढल्या तर तो लांबीला वाढतो.
उंची दिली तर भिंत सरकते,
आणि न्हाणीघर उघडं पडतं रस्त्यावर.
'मदत' लिहिलंय तिथं दाबलं की
बर्फ पेलणारी छपरं दिसतात, तळघरं,
शेकोटीचं धुराडं किती रुंद असावं ते.
इथं काल सत्तेचाळीस होतं.
कूलरमध्ये पाणी मीच ओतते, बादलीनं.

शेवटी फोन लावला.
ऋजुता बोलतेय मॅडम, स्क्रीन शेअर करा.
केली. तेवढ्यात लाइन गेली.
इन्व्हर्टर वीस मिनिटं देतो, म्हटलं, लवकर बघा.

माझा हात टेबलावर, आणि पडद्यावर बाण चालू लागला.
पहाटे आपल्याआधी कुणीतरी उठावं,
आपली झोप मोडू नये म्हणून
भांडी अलगद ठेवावीत, तसा.
बैठकीतून गेला. स्वयंपाकघरात थोडा रेंगाळला.
मॅडम, ही चार बाय सहाची, बिनखिडकीची?
ती ढोलीची.
कसली?
धानाची. बांबूची विणतात, शेणामातीनं लिंपतात.
उंची? माणसाएवढी.

तिनं शोधलं. सोफे तेवीस तऱ्हेचे निघाले,
एक पियानो, न्हायचे टब, कुत्र्याचं घर.
ढोली नव्हती.
'आमच्या सांगोल्याकडं कणगी म्हणतात,' ती म्हणाली,
पहिल्यांदाच मॅडम न लावता.
'लपाछपीत मी आत शिरायचे. ज्वारी टोचायची पायांना,
आणि बाहेरून कोणी शोधायचंच नाही.'

मग आम्ही एक नळकांडं घेतलं.
मी म्हणाले, पोट फुगवा. तिनं फुगवलं.
तोंड आवळा. जास्त झालं. हां.
विणीसाठी मी बाहेर धावले,
कारलीवाल्याच्या टोपल्याचा फोटो काढून आणला,
तो तिनं गुंडाळला चारी बाजूंनी.
'जरा कललेली असते ना?'
असते, एका अंगाला.
ते यंत्र तिला पुन्हा पुन्हा सरळ करायचं.
ऋजुतानं कुठलीशी खूण काढून टाकली
आणि ढोली कलली,
भरलेल्या पोटावर हात ठेवून बसलेल्या बाईसारखी.

इन्व्हर्टरची शिट्टी. बाण गेला.
मोबाईलवर संदेश: आपली अडचण सुटली का? हो. नाही.
जिन्याचं आम्ही दोघी विसरलोच होतो.
मी 'हो' दाबलं.

संध्याकाळी झाडू ननावरे मिस्त्री आले.
सिमेंट बसलेल्या नखानं पडद्यावर वीत टाकली.
'पाच इंच ना? खालच्या पायरीखाली एक फाडी सारतो.
तुही मशीन काहून रडते एवढ्यासाठी?'

वच्छलाबाई त्यांच्या मागंच उभ्या.
जिन्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
ढोलीपाशी वाकल्या, पडद्याला नाक लागेस्तोवर,
काही बोलल्या नाहीत.
मग बोट दाराकडं गेलं.
'हा कोन व माय, कोटातला? माह्या दारात?'
मी सांगितलं, उंची कळावी म्हणून
मशीन स्वतःच उभा करते एक माणूस.
काढू का?
त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. पदर सारखा केला.
'राहू दे. उनातानाचा कोठी जाईन बिचारा.'